दोनशे टक्क्यांत दिसलेली गोष्ट

माझं पहिलं चित्र नापास झालं, त्या दिवशी आनंदाच्या भरात मी चुलीवरचं दूध उतू घालवलं.

आनंदच म्हणायचा तो. जगाच्या कुठल्या कोपऱ्यात कोण बसलं होतं अल्ला जाणे, पण त्यानं माझं चित्र उघडलं होतं, डोळ्यांजवळ नेलं होतं आणि नावाड्याच्या हाताची बोटं मोजली होती. सहा निघाली. माझ्या कामातलं काहीतरी कुणीतरी बसून मोजलं, ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. तोवर आमच्या घरात मोजले जायचे ते फक्त माझ्या भातात निघालेले खडे.

आमचं घर रिक्षा रंगवणाऱ्याचं. एके काळी आमच्या राजशाही शहरात तुम्ही कुठल्याही सायकलरिक्षाच्या मागून चालायला लागलात, तर तिच्या पाठीवरच्या पत्र्यावर मोर, ताजमहाल, नाहीतर वाघाशेजारी लाजत उभी असलेली नटी दिसायची, आणि खाली कोपऱ्यात ऐटीत लिहिलेलं असायचं: ‘मोकबुल आर्ट’. मोकबुल म्हणजे माझे यजमान, तुलीचे अब्बा. मोराची रेघ त्यांची, त्यात वाद नाही. पण पिसं? एकेका पिसातला डोळा? ताजमहालाच्या खिडक्या, नटीच्या गालांवरची लाली? ती सगळी माझी, कारखान्याच्या पडद्यामागे मांडी घालून भरलेली. लग्न नवं नवं होतं तेव्हा एकदा धीर करून म्हटलं होतं, खाली माझंही नाव घाला की.

“लुत्फुन्नाहार?” ते म्हणाले होते. “एवढं लांब नाव घालायचं तर ताजमहाल पाडावा लागेल.”

मीही हसले होते. चांगला विनोद होता. अजून लक्षात आहे म्हणजे चांगलाच असणार.

पुढे शहरात बॅटरीच्या ऑटो आल्या. ज्या थोड्या रिक्षा उरल्या, त्यांच्या पाठीवर यंत्रानं छापलेली चित्रं चिकटू लागली. कारखान्याचं शटर खाली आलं आणि कुंचले दुधाच्या रिकाम्या डब्यात उभ्या उभ्या वाळले. तुलीच्या अब्बांनी शपथ घेतली की कॉम्प्युटर नावाच्या वस्तूला ते मेले तरी हात लावणार नाहीत.

आणि तुलीनं, आमच्या एकुलत्या एका लेकीनं, ईदच्या सुटीत खुलन्याहून येताना नेमकी तीच वस्तू आणली. तिचा जुना कॉम्प्युटर. सासरी नवा घेतला होता म्हणे. मला समोर बसवलं आणि म्हणाली, “अम्मा, इथे लिही, तुला काय बघायचंय.” मी लिहिलं: पद्मा नदी, पहाट, एक नाव. यंत्रानं क्षणात नदी मांडली, पहाट पसरली आणि नावही सोडली. नावेला दोन्हीकडून नाळच, म्हणजे पुढचं टोकच होतं, शेपूट नव्हतंच, पण रंग असे की माझ्या हाताला मुंग्या आल्या.

“ही चित्रं एका साइटवर पाठवायची,” तुली म्हणाली. “जगभरचे लोक तिथून घेतात. कुणाला कॅलेंडरला हवं असतं, कुणाला पुस्तकाला. पाठवताना एका चौकोनात खूण करायची की हे यंत्राकडून काढून घेतलंय. त्यात लबाडी नाही चालत. मग त्यांचे तपासनीस बघतात. पास झालं तर साइटवर लागतं, आणि खाली तुझं नाव.”

“केवढं नाव चालतं?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“लांबीला.”

“कितीही, अम्मा.”

मी खुर्ची पुढे ओढली. ती अजून तिथेच आहे.

यंत्राला चित्र मागणं सोपं. ते पास होण्याजोगं करणं म्हणजे तांदूळ निवडणं. यंत्राची दृष्टी माझ्या सासूबाईंसारखी, लांबून सगळं झकास आणि जवळ गेलं की कुणाचा हात कुणाच्या खांद्यातून निघालाय याचा पत्ता नाही. बांगड्या मनगटात विरघळलेल्या. एकाच कानात डूल. दुकानाच्या पाटीवर अशी अक्षरं, की जी बांगलाही नाहीत, अरबीही नाहीत, जिन-भुतांची असतील तर माहीत नाही. तुलीनं शिकवलं, चित्र शंभर टक्के मोठं करायचं, मग दोनशे टक्के, आणि वरच्या कोपऱ्यापासून अंगण झाडावं तसं नजरेनं झाडत यायचं. कचरा दिसला की पुसायचा.

मग आकार. यंत्र देतं ते चित्र लहान, साइटला हवं मोठं. मोठं करणारं आणखी एक यंत्र असतं. पहिल्या खेपेला मी हावरटासारखं इतकं मोठं केलं की माणसं मेणाच्या बाहुल्या झाली. नापास. मग वाटलं जरा ठसठशीत करावं, तर प्रत्येकाच्या कडेनं पांढरी किनार आली, जणू सगळ्यांना फरिश्त्यांचं तेज चढलंय. तेही नापास. पण प्रत्येक नापासातून मी काहीतरी शिकत होते, आणि प्रत्येक वेळी छातीत ढोल वाजायचा: त्यांनी पाहिलं! पुन्हा पाहिलं!

तुलीचे अब्बा तेवढा काळ मुडीचा, म्हणजे मुरमुऱ्यांचा वाडगा घेऊन माझ्या मागे उभे. हात लावायचा नाही ही शपथ होती. तोंड घालायचं नाही अशी नव्हती.

एका संध्याकाळी मी धुक्यातला बांध काढून घेतला होता. बांधावर एकटी रिक्षा, रिक्षावाल्याच्या खांद्यावर गमछा, मागे पद्मा असूनही न दिसणारी. मला वाटलं, ही पास होणारच.

“चांगली आहे,” ते मुडी चावत म्हणाले. “फक्त जाणार कशी?”

“कोण?”

“रिक्षा. चेन कुठाय? पायडल मारलं की चाक फिरावं म्हणून मध्ये काही लागतं ना? की तुझा हा बिनहाताचा उस्ताद नुसती दुआ मागून रिक्षा चालवतो?”

मी दोनशे टक्के केलं. खरंच चेन नव्हती. यंत्राला पुन्हा मागितलं, तर चेन आली पण धुकं गेलं. पुन्हा मागितलं, तर धुकं आलं आणि रिक्षावाल्याचं तोंड बदललं. नवा माणूस उगाच हसत होता.

“सरक,” ते म्हणाले.

“शपथ?”

“शपथ चित्र न काढायची होती, चेन न बसवायची कुठे होती? सरक म्हणतो ना.”

कुंचल्याची खूण कुठली, रंग कुठून उचलायचा, कुंचला बारीक-जाड कसा करायचा, हे मी दाखवलं. पहिल्यांदा त्यांनी माउस दोन बोटांत उभा धरला. मग आडवा केला. जीभ दातांत धरून एकेक कडी बसवत गेले. वाडग्यातली मुडी सादळून गेली तरी माणूस उठेना. कारखाना बंद झाल्यापासून मी त्यांची ती जीभ दातांत धरलेली पाहिली नव्हती. मी चहा करायचं निमित्त काढून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

“जा आता,” ते रिक्षावाल्याला म्हणाले. “कुठे जायचं तिकडे जा.”

तेव्हापासून घरात कामाची वाटणी झाली. आमच्या तालाईमारीच्या गल्लीत दिवसभर नेट असं चालतं जसा म्हातारा बैल. फज्रच्या वेळी मात्र रस्ता मोकळा असतो. मला पहाटे उठवत नाही, ते मात्र नमाजेला उठतातच. म्हणून मी संध्याकाळी चित्रं तपासून, साफ करून, त्यांच्या नकला ‘पाठवायची’ नावाच्या खणात ठेवायची, आणि मशिदीतून आले की त्यांनी ती पाठवायची. मूळ चित्रं माझ्यापाशी वेगळी. कारखान्याचा जुना शिरस्ताच हा. माल मी भरायचा, दारातून बाहेर ते काढणार.

त्याच सुमाराला शेजारची मिनूभाबी तमालपत्र मागायला आली आणि पडद्यासमोर खिळली. मी शंभर टक्के करून एक पोरगा तपासत होते, हिवाळ्यातला, लाल स्वेटरमधला, खजुराच्या रसाचा पेला हातात घेतलेला. कडेला तांदळाचे पिठे वाफवणाऱ्या बाईचं आणि बकरीचं चित्र होतं.

“या अल्ला! लुत्फाभाबी, हे तू केलंस? काय गाल आहेत मेल्याचे! आत्ता उठून बाहेर येईल! आणि ही पिठेवाली! आणि ही बकरी! काय सुंदर, काय सुंदर!”

ती तमालपत्र न घेताच गेली. तुलीचे अब्बा दारात उभे होते, कपाळाला आठी.

“माशाल्ला म्हणाली का ती?”

“कोण?”

“मिनू. एवढं सुंदर सुंदर केलं, एकदा तरी माशाल्ला म्हणाली?”

“विसरली असेल.”

“विसरतात, म्हणूनच तर लागते नजर.”

मी हसून वांगं भाजायला गेले. कामाला बसलेली बाई अशा गोष्टी ऐकते कुठे?

पण त्यानंतर जे सुरू झालं ते काही केल्या कळेना. बोटं पाच, डूल दोन्ही कानांत, आकार बरोबर, किनार नाही, आणि तरी सगळी चित्रं नापास. कारण एकच: डाग आणि चौकड्या. मी मूळ चित्रं काढून दोनशे टक्के केली, तीनशे टक्के केली. डाग? कुठला डाग? शेवटी वाटलं, डाग माझ्या पडद्यावरच असेल, म्हणून व्हिनेगरनं पडदा पुसला. पुढची खेप पाठवली. नापास. डाग आणि चौकड्या. आता माझ्या छातीतला ढोल वेगळ्या चालीवर वाजायला लागला.

मग साइटची चिठ्ठी आली. इंग्रजी होती, तुलीनं फोनवर वाचून दाखवली. आवाज हळू केला होता तिनं, त्यावरूनच कळलं.

“अम्मा, ते म्हणतात फार चित्रं नापास होताहेत. अजून एक खेप पाठवा. त्यातली बहुतेक पास झाली नाहीत तर खातं बंद.”

“मग दुसरं उघडू.”

“नाही उघडता येत. एका नावाला एकच खातं. त्या नावाला तिथे परत जागा नाही.”

आधी पत्र्यावर जागा नव्हती म्हणून नाव नव्हतं. आता जिथे कितीही जागा होती, तिथूनही ‘लुत्फुन्नाहार बेगम’ पुसलं जाणार होतं, आणि तेही एकदासुद्धा उमटण्याआधी. मी फोन ठेवला. तुलीच्या अब्बांना सांगितलं. ते बाहेर जाऊन बराच वेळ सायकलला हवा भरत बसले. सायकलमध्ये हवा होती.

तो आठवडा मी जेवले का झोपले आठवत नाही, पण असा जिवंत आठवडा माझ्या वाट्याला क्वचितच आला असेल. दहा चित्रं निवडली. लाल स्वेटरवाला पोरगा, भापा पिठा वाफवणारी बाई, बांधावरची रिक्षा, बकरी, मोहरलेलं आंब्याचं झाड, अशी. एकेक पान, एकेक पापणी तपासली. धुकं फार गुळगुळीत झालं तर तपासनिसाला वाटतं चित्र अस्पष्ट आहे, म्हणून रिक्षाच्या चाकांच्या काड्या तेवढ्या लख्ख ठेवल्या. कुठे दाणेदारपणा आला तर हलक्या हातानं पुसला, पण कातडी मेण होणार नाही इतपतच. डोक्यात सारखं एकच: ही दोनशे टक्के मोठी करून पाहणारा तो जो कोण आहे, त्याच्या नजरेतून माझं अंगण स्वच्छ दिसायला हवं.

दहाच्या दहा ‘पाठवायची’मध्ये ठेवली आणि संध्याकाळी तुलीला व्हिडिओवर बोलावलं.

“सगळी साफ आहेत गं. मागचीही साफच होती. मला समजत नाही त्यांना डाग दिसतो कुठे.”

“अम्मा, मागची तू बघत्येस ती बनवलेली की पाठवलेली?”

“एकच ना ती.”

“एकच असतील तर बघायला काय जातंय?”

मी मागच्या खेपांचे पाठवलेल्यांचे खण पहिल्यांदा उघडले. पिठेवाली घेतली. दोनशे टक्के केली, आणि डाव्या कानशिलावर, केसांच्या जरा खाली, एक काळा टिपका.

वाटलं, यंत्रानं तीळ दिला. यंत्राला काय, देईल. लाल स्वेटरवाला उघडला. कपाळावर डावीकडे टिपका. बकरी उघडली, तिच्याही कपाळावर. नाव उघडली, नाळेवर. एका चित्रात माणूस नव्हता, जनावर नव्हतं, फक्त धुक्यात सूर्य होता. सूर्याला टिपका होता. आणि एका चित्रात ताटभर पिठे होते, त्यातल्या सर्वांत फुगलेल्या पिठ्याला.

खेपांच्या क्रमानं लावून पाहिलं. पहिल्या खेपेत मोहरीएवढा. पुढच्यात मसुरीएवढा. शेवटच्यात बोराच्या बीएवढा.

आणि तो गोल नव्हता. लावून झाल्यावर हात जरासा वर उडवावा तशी त्याला एक बारीक शेपटी होती. ती शेपटी मी ओळखत होते. शाळेत जायला लागेपर्यंत तुलीच्या कपाळावर ती रोज असायची. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्र्यावर ती असायची, माझी पिसं वाळली की करंगळी काळ्या रंगात बुडवून, ‘मोकबुल आर्ट’च्या शेजारी. त्यांच्या उस्तादांची शिकवण, घराबाहेर पडणाऱ्या देखण्या वस्तूला तीट लावल्याशिवाय सोडायचं नाही.

“अम्मा? दिसलं का काही?” तुली विचारत होती.

“दिसलं,” मी म्हटलं. “तुझे अब्बा दिसले.”

त्यांना मी त्या संध्याकाळी काही बोलले नाही. पहाटे बांग झाली, ते गेले, तशी मी उठून शाल गुंडाळून दाराआड उभी राहिले. ते आले. टोपी डोक्यावर, मफलर गळ्यात. कॉम्प्युटर सुरू केला, बिस्मिल्ला म्हटलं, बकरी उघडली. कुंचला घेतला. मग जरा विचार केला आणि कुंचला आणखी जाड केला.

“अजून जाड?” मी म्हटलं.

माउस असा उडाला की बकरीच्या तोंडावरून काळा पट्टा थेट पलीकडे गेला.

“या अल्ला! झोपली नव्हतीस तू?”

“बकरीला सोंड आली बघा.”

त्यांनी बकरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत बकरीकडे पाहिलं. मफलर सारखा केला.

“मग काय करणार?” ते एकदम म्हणाले. “तू उचलतेस आणि साऱ्या जगासमोर नेऊन मांडतेस. ना त्यांचं तोंड माहीत, ना नजर. मिनूची नजर असती तर मिरच्या ओवाळून उतरवली असती. अख्ख्या जगाला ओवाळायला मिरच्या आणू कुठून?”

“आणि रोज नापास होत होती, ते?”

“म्हणून तर जाड करत गेलो! म्हटलं, कमी पडतंय.”

रात्रभर मी एक वाक्य घोळवून ठेवलं होतं. चांगलं धारदार होतं. ते कुठे गेलं कुणास ठाऊक. मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. ते गोंधळून नुसते बघत राहिले. शेवटी मी त्यांच्या शेजारी वेताचा मोडा ओढून बसले.

“अहो, तुमची तीट त्यांना डाग दिसते. आणि तुम्ही तीट लावून ‘ठीक आहे, ठीक आहे’ दाबत चित्र परत साठवता ना, ते दरवेळी पातळ होतं. धुवून धुवून लुंगी होते तसं. त्याच त्या चौकड्या.”

त्यांनी टोपी काढली. परत घातली.

“म्हणजे मीच. तुझी सगळी चित्रं...”

“सगळी नाही. सहा बोटं माझी होती.”

“आणि आता तुझं नाव?”

“आजच्या खेपेवर आहे.”

त्यांनी माउसवरून हात असा उचलला जसा तापल्या तव्यावरून. “तूच पाठव. मी शिवणार नाही.” उठले, दारापर्यंत गेले, आणि परत आले. “पण असंच? तीट न लावता? आजच्या दिवशी? एक पत्रा, एक लेकरू मी या घरातून असं उघडं बाहेर सोडलेलं नाही, तुलीची अम्मा. माझा हात नाही धजत.”

ते खरं बोलत होते. ज्या यंत्रानं त्यांच्या पोटावर पाय दिला, त्याच यंत्राच्या बकऱ्यांना हा माणूस रोज पहाटे दृष्ट लागू नये म्हणून जपत होता. आणि इतके दिवस मला वाटत होतं, हे नुसते मुडी खात उभे असतात.

“बाहेर काय चाललंय?” मी विचारलं.

“चित्रं.”

“चित्रं यंत्राची. त्यांच्याबरोबर या घरातून काय चाललंय?”

बाहेर खजुराच्या रसवाल्याची हाळी ऐकू आली आणि दूर गेली.

“तुझं नाव,” ते म्हणाले.

“मग ज्याचं नाव, त्यालाच तीट लावा की.”

ते स्वयंपाकघरात गेले. किटली उपडी केल्याचा आवाज आला. परत आले ते करंगळी पुढे धरून, किटलीच्या बुडाच्या काजळीनं काळी झालेली. माझे केस दुसऱ्या हातानं मागे केले. डावं कानशील, केसांच्या जरा खाली. करंगळी टेकली आणि वर उडाली. आमच्या संसारात इतके पत्रे रंगले, एक लेक वाढली, पण त्या करंगळीला माझ्या कानशिलाचा रस्ता त्या दिवशी पहिल्यांदा सापडला.

“माशाल्ला,” ते म्हणाले. इतकं हळू, की यंत्रालाही ऐकू जाऊ नये.

मी बकरीची सोंड टाकून देऊन मूळ बकरीची नक्कल घेतली. दहाही चित्रं एकदा दोनशे टक्के करून झाडली. यंत्राच्या चौकोनात खूण केली. पाठव दाबलं. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावरून निळी रेघ सुसाट पळाली, एक चित्र, दोन चित्रं, रिक्षा, पोरगा, आंबा, आणि आम्ही दोघं ती रेघ अशी बघत होतो जशी लेकीची बस.

मग वाट पाहणं. रोज फज्रनंतर तुलीच्या अब्बांना पाठवायला काही नसायचं. ते किटली उपडी करायचे, माझ्या कानशिलाला टिपका लावायचे आणि खजुराचा रस आणायला जायचे.

शुक्रवारी दुपारी मी कलाईची रोटी थापत होते. उडदाचं पीठ कोपरापर्यंत. मिनूभाबी तमालपत्राचं राहिलेलं निमित्त घेऊन आली होती. खोलीतून तुलीच्या अब्बांचा आवाज आला, जसा कुणी विहिरीत पडल्यावर येतो.

“तुलीची अम्मा! हिरवं! हिरवं येतंय!”

मी तशीच धावले. मिनूभाबी मागे. पडद्यावर एकेका चित्राखाली हिरवी खूण उगवत होती. पिठेवाली हिरवी. आंबा हिरवा. लाल स्वेटरवाला हिरवा! मी पिठाच्या हातांनी त्यांचा दंड धरला, ते मिनूभाबीसमोर लाजलेसुद्धा नाहीत. सगळी हिरवी होत गेली, एक बकरी सोडून. बकरीला लाल. खाली कारण लिहिलं होतं. तुलीला फोन लावला, ती हसून हसून सांगेचना. शेवटी म्हणाली, “अम्मा, बकरीला तीन शिंगं आहेत.”

पाहिलं, तर होती. आम्ही दोघांनी इतका काळ तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि शिंगं कुणीच मोजली नव्हती.

“बरं झालं,” तुलीचे अब्बा म्हणाले. “एक तरी नापास हवं. सगळीच पास झाली असती तर नजर लागली असती.”

मग मी रिक्षाचं चित्र उघडलं. साइटवर लागलेलं, धुक्यातलं, मोठं. आणि खाली इंग्रजी अक्षरांत, एका ओळीत, माझं अख्खं नाव. पहिलं अक्षर ते शेवटचं अक्षर. पुढे अजून जागा शिल्लक होती. ताजमहाल कुठेही पाडावा लागला नव्हता.

मी बोट पडद्याला न लावता त्या ओळीवरून फिरवलं. पीठ सांडत होतं. पुसायला कुणी उठलं नाही.

“चेन कुणाची?” तुलीच्या अब्बांनी घसा खाकरून विचारलं. “ती एवढी लख्ख चेन दिसतेय, ती कुणाची म्हणे?”

“चेन तुमची,” मी म्हटलं. “नाव घालायचं का तुमचं? मोकबुल. लहानसंच तर आहे. पण काय करणार, रिक्षा हलवावी लागेल.”

ते माझ्याकडे बघत राहिले. आधी डोळे हसले, मग मिशी, मग सगळा माणूस हसायला लागला, इतका की त्यांना मोड्यावर बसावं लागलं.

“काय सुंदर गं भाबी!” मिनूभाबी म्हणाली.

“माशाल्ला म्हण,” आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

“माशाल्ला, माशाल्ला!” ती दचकून म्हणाली. मग माझ्याकडे निरखून पाहत पदराचं टोक पुढे केलं. “अगो भाबी, कानशिलाला काजळी लागलीय तुझ्या. थांब, पुसते.”

“राहू दे,” मी म्हटलं आणि रोटी उलटायला आत गेले.